स्क्रीनवरची सपाट रेघ

"मॅडम, हा तिसरा माइक. आता बिघडला तर बिघाड तुमच्यात बघावा लागंल," कॉम्प्युटर लॅबचा माणूस म्हणाला.

नारायणगावजवळच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये मी इंग्रजी बोलायला शिकवत होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुली हेडफोन लावून 'हँडओव्हर' रेकॉर्ड करायच्या. म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटचं नाव, आजार, औषधं सांगायची. बोललं की स्क्रीनवर लाटा उठायच्या. गप्प बसलं की सपाट रेघ.

संगीताची रेघ दर वेळी सुरुवातीलाच सपाट. "बेड फोर, पेशंट..." मग शांतता. पुढचं "डायबेटिक, ऑन इन्सुलिन" मात्र खणखणीत. माइकच बिघडलाय समजून मी दोन माइक बदलून घेतले, तरी तेच. ती घोडेगावच्या वरच्या डोंगरातली, लग्नानंतर शिकायला आलेली. ओरल परीक्षा तोंडावर आली होती. नापास झाली तर "सुनेला शिकवून काय मिळालं?" म्हणायला भावकी टपलेलीच होती.

शेवटी मी तिलाच विचारलं, "पेशंटचं नाव का गाळतेस गं?"

ती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, धोंडिबा आमच्या मामंजींचं नाव हाय. कसं घेऊ?"

मी कपाळावर हात मारला. सरावाच्या सीडीतला पेशंट मिस्टर ब्राऊन मुलींना परका वाटतो, म्हणून त्याच्या जागी धोंडिबा मीच घातला होता. हसू आलं आणि तिच्याबद्दल वाईटही वाटलं.

नाव बदलायला प्रिन्सिपल सिस्टर तयार होईनात. "उद्या वॉर्डात खराच धोंडिबा आला तर? बिननावाचं इन्सुलिन कुणाला टोचणार?" त्यांचं बरोबरच होतं.

शनिवारी सासरे तिला भेटायला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून हेडफोन चढवला, तो मुका तुकडा ऐकला आणि सुनेकडे वळले.

"आगं पोरी, नाव न्हाई घेतलंस तर माझं औषध दुसऱ्यालाच जाईल की! घे बिनघोर. लई झाला मान."

संगीता त्यांच्याकडे पाठ करून बसली. "बेड फोर, पेशंट मिस्टर धोंडिबा..." लाटा सलग उठल्या. म्हाताऱ्याने ते दोनदा ऐकलं. त्यातलं स्वतःचं नाव सोडलं तर त्यांना काही कळलं नसावं. तरी डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मॅडम, पेशंट वाचंल ना?"

"संगीताच्या ड्युटीत आहे. वाचणारच."

ओरलला ती पास झाली. पोरगी कुठे अडली ते मशीन दाखवतं. का अडली ते तिलाच विचारावं, आणि तेही पहिला माइक बदलण्याआधी.