डोळे न आखलेली म्हातारी: जोहे ते रोहा

सरकारी शाळेत मुलं घालणाऱ्या आईबापांनो आणि त्या मुलांना जीव लावून शिकवणाऱ्या शिक्षकांनो, आपलं दुखणं एकच आहे. योजना आपल्या दारात गाडीतून येते, फोटो काढून जाते, आणि जिच्या नावाने ती आली ती पोरं मात्र जागची हलत नाहीत. या वेळी त्या पापात मीही वाटेकरी आहे.

दोन शाळांनी मिळून एक बाहुलीनाट्य करावं म्हणून निधी मंजूर झाला होता. एक शाळा पेणजवळच्या जोहे गावची, दुसरी रोहा तालुक्यात खांब गावाच्या आतल्या डोंगरवाडीवरची. गोष्ट साधी: मिठागरातली म्हातारी आणि रानात मध काढणारा म्हातारा बाजारात भेटतात, मीठ आणि मध बदलून घेतात. माणसाएवढे दोन बाहुले. डोकी जोह्याने करायची, धडं वाडीने. दोन्ही शाळांच्या वतीने अर्ज मी लिहिला, उद्घाटनाचं भाषणही मीच ठोकलं. मार्च निम्मा सरला तरी डोकी जोह्यात आणि धडं वाडीवर, असं कळलं आणि शुक्रवारी सकाळी पनवेलहून निघाले.

जोह्याला जायचं तर हमरापूर फाट्यावर उतरा, पुढे रिक्षा मिळते. दोन्ही बाजूंना भातखाचरं, आणि घरोघरी गणपतीचे कारखाने. एका कारखान्याच्या दारात मूर्ती घासत बसलेल्या बाईंनी मला ओळखलं.

"तुमीच ना त्या भाषनवाल्या? माईक बंद पडला तरी आयकू येत व्हतं!"

शाळेत सातवीतली सानिका दोन्ही डोकी घेऊन आली. शाडूची, भरीव, सुरेख. म्हातारीच्या गालावरच्या सुरकुत्यासुद्धा बोटाने काढलेल्या. फक्त डोळे कोरे.

"डोळे राहिले का गं?"

"राहिले नाय, ठेवलेत. मान धडावर बसली की नजर कुठं जाते ते बघायचं, मंगच आखायचं. बाबा तसंच करतात." मग हळूच म्हणाली, "मी येऊ का तुमच्यासंगती वाडीवर?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. एकट्या मुलीला असं नेता येत नाही, आणि सगळ्या वर्गासाठी गाडी नाही. सानिकाने ब्रश फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "ज्याचा हात थिर आसंल त्याला द्या." जूनमध्ये ती हायस्कुलात जाणार. त्यात निधीची मुदत मार्चअखेरची, म्हणजे नाटक व्हायचं तर याच महिन्यात.

डोकी गोणीत भरून घेतली आणि रात्री पेणला मुक्काम केला. शनिवारी सकाळची शाळा गाठायची म्हणून पहिली एसटी पकडली. मांडीवरच्या गोणीतून दोन टाळकी बाहेर आलेली पाहून कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट एक का तीन?" अख्खी गाडी हसली. मीही हसले. खांबला उतरून चहा घ्या, कारण पुढे रिक्षा अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. उरलेला अर्धा तास चढ आहे. ते ओझं घेऊन चढताना माझं हसू केव्हाच आटलं.

वाडीवरच्या मुलांनी बांबूची धडं केली होती. इतकी हलकी की भारती नावाच्या मुलीने एका हाताने म्हातारीला नाचवून दाखवलं. मग आम्ही म्हातारीचं डोकं मानेवर बसवलं. मान वाकली. भारतीने सावरायला हात घातला, तेवढ्यात डोकं घसरलं आणि जमिनीवर आपटून त्याच्या चार फाका झाल्या.

 भारती वैतागून म्हणाली, "एवढं जड कशाला केलं? मोळी हाय का? आमाला इचारलं असतं तर सुका भोपळा दिला असता. त्याच्यावर माती लावायची, बस!"

"मग तुम्ही का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"कुनाला इचारायचं? ती पोरं कुठं रव्हतात, आमाला काय ठावं?"

वाडीवरचे शिक्षक ओशाळून म्हणाले, "बाई, अहवाल तर गेलासुद्धा. दोन शाळांचे दोन फोटो शेजारी चिकटवले. उपक्रम पूर्ण."

आता कबूल करते. अर्जात मुलांच्या चार भेटींसाठी बसभाडं होतं. निधी देणाऱ्या कार्यालयात सांगितलं गेलं, प्रवास ही काही कला नव्हे, एवढी ओळ काढा, लगेच मंजूर होईल. व्यासपीठावर गर्जणारी मी तिथे गप्प बसले आणि माझ्याच पेनाने ती ओळ खोडली. रंग मिळाले, बांबू मिळाला, शाडू मिळाली. मुलं मुलांना मिळाली नाहीत.

निघताना भारतीने मला एक सुका भोपळा दिला. "त्या पोरीला द्या. पुन्यांदा कर म्हनावं." मधवाल्याचं डोकं आणि ब्रश मी तिथेच ठेवला.

रोह्यात स्टेशनजवळ तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. जेवण उत्तम होतं. दुपारच्या गाडीने पनवेल. आज रविवार, भोपळा माझ्या टेबलावर आहे. उद्या जोह्याला भोपळा पोचेल. पण सानिका वाडीवर पोचणार नाही, आणि माती वाळायच्या आत मार्च संपेल.

तुमच्याही शाळेत असा अर्ज येईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो मागून घ्या, वाचा, आणि मुलांच्या प्रवासाची ओळ त्यात नसेल तर सही करू नका.