जाई पांढरी होईपर्यंत

आषाढात एखादा दिवस उघडीप मिळाली, की आम्ही घोड्यांच्या झुली अंगणात दोरीवर वाळत घालतो, आणि मग जो वास सुटतो त्याला काय म्हणावं ते मला आजवर सुचलेलं नाही. मखमलीत मुरलेला घाम, लग्नसराईभर साचलेला गुलाल, कुणा वरमाईच्या हातून सांडलेलं कुंकू, दमट जरीचा तो आंबूस उग्रपणा, सगळं त्यात एकवटलेलं असतं. माझी बायको नाकाला पदर लावूनच झुली उलटते. मी मात्र खुर्ची टाकून तिथेच बसतो. किती घरांची मंगल कार्यं या वासात निथळत असतील! आणि त्यांतल्या एकाही नवरदेवाला, ज्या पाठीवर तो ऐटीत बसला तिचं नाव विचारावंसं वाटलं नाही. वाटावं तरी का? त्या दिवशी त्याला दुसरं नाव घ्यायचं असतं.

आमचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. संगमनेरात, प्रवरेच्या अलीकडे, आप्पांनी म्हणजे माझ्या वडिलांनी तो उभा केला. लोकांना वाटतं, यात काय एवढं! घोडी सजवायची, नवरदेवाला बसवायचं, वाजतगाजत मारुतीच्या देवळापर्यंत, म्हणजे परण्याला, न्यायचं, की नोटा खिशात. अहो, घोडी काही पंचांग पाहून जेवत नाही. लग्नसराई सरते, देव झोपी जातात, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांना कुलपं लागतात; पण तिची भूक चातुर्मास पाळत नाही. कडबा, चणे, नाल, डॉक्टर, झुलीची डागडुजी, हे बारमाही; आणि मिळकत तेवढी उन्हाळ्यातली. मुहूर्ताच्या मूठभर दिवसांवर अख्ख्या वर्षाची तोंडं भरायची, हेच या व्यवसायाचं सारं गणित. आप्पांच्या डोळ्यांना काचबिंदूने ग्रासायला सुरुवात केली, तेव्हा मी पतसंस्थेतली नोकरी सोडून हा कारभार हाती घेतला. आता मी आलोय म्हटल्यावर धंद्याला शिस्त लागणार, असं मला मनापासून वाटत होतं. काय तो आत्मविश्वास!

या गणितात काही केल्या बसत नव्हती ती जाई.

तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. वरातीला लागते ती शुभ्र घोडी बहुतेक वेळा जन्मतः शुभ्र नसतेच. ती काळपट जन्मते, आणि मग वर्षामागून वर्षं, एकेक केस पांढरा होत, आधी राखेच्या रंगाची, मग ठिपक्याठिपक्यांची आणि शेवटी दुधासारखी होते. कुणी लवकर पालटते, कुणी उशिरा, आणि कुणी पालटेल असं वाटून जन्मभर तशीच राहते. आपण माणसं आरशात पहिला पांढरा केस दिसला की चिमटीने उपटून टाकतो. इथे मात्र एक म्हातारा माणूस एका शिंगरीच्या मानेत तोच केस आशेने धुंडाळत असतो. वार्धक्याच्या खुणेची इतक्या लोभाने वाट पाहणारा दुसरा एखादा धंदा असेल का जगात?

जाईला आप्पांनी खर्ड्याकडच्या बाजारातून आणली. आई पांढरीफेक होती आणि पोरीच्या डोळ्यांभोवती रुपेरी झाक दिसते, एवढ्या भांडवलावर. ती झाक त्यांच्याखेरीज कुणालाच दिसत नव्हती, हा भाग वेगळा. घरी येताच तिचं नाव ठेवलं जाई. आमच्या शेजारी गणपतराव राहतात. त्यांचा बँड आहे आणि जिभेला हाड नाही. ते तिला पाहून म्हणाले, “आप्पा, जाई कसली ही? कारळं हाय कारळं!” आप्पा हसले. “दम धर की लेका. कळी हाय ती. उमलंल.” मग रोज सकाळी चहाची कपबशी हातात घेऊन ते तिच्यापाशी उभे राहत आणि मला हाका मारत, “दत्तू, हिकडं ये. हे बघ कानामागं. आला का न्हाई?” मी जाऊन बघायचो आणि म्हणायचो, “आप्पा, ते भुसकट आहे.” त्यांचा उत्साह एवढ्याने मावळत नसे. उद्या पुन्हा कपबशी, पुन्हा हाक. खरं सांगू? ती हाक ऐकून मी चिडायचो. आज कुणी तशी हाक मारली, तर हातातलं काम टाकून धावत जाईन.

वर्षं चालली, जाई काळीच. काळी घोडी परण्याला कोण नेणार? मिळकत आमच्या राणी नावाच्या जुन्या पांढऱ्या घोडीची, आणि चारा दोघींना. तिसगावकडचा एक व्यापारी जाईला घ्यायला तयार होता. मी त्याला शब्दही देऊन टाकला होता. फक्त आप्पांना सांगायचं उरलं होतं. त्याच सुमारास त्यांना घेऊन नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर सज्जन होते, पण सज्जनपणाने सांगितलं म्हणून गोष्ट बदलत नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि उरलेलीही टिकणार नव्हती. घरी पोचल्यावर आप्पा पायही न धुता चाचपडत तबेल्यात गेले, जाईच्या मानेला गाल लावून उभे राहिले आणि म्हणाले, “दत्तू, मला काय दिसंना बाबा. तू बघ. आला का रं रंग?”

जाई त्या क्षणी तव्याच्या बुडासारखी काळी होती. मी म्हणालो, “आलाय, आप्पा. मानेवर पसरलाय चांगला.”

माझ्या तोंडून ते कसं निघून गेलं, मला कळलं नाही. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मागे फिरायची सोय उरली नाही. पुढे काय, थापेला खतपाणी लागत नाही, ती आपली आपण वाढते! दिवाळीला मान, होळीला पाठ, पुढच्या दिवाळीला पोट आणि पाय, अशी मी जाई रंगवत गेलो. बायको सामील झाली, गणपतरावही झाले. तिसगावचा व्यापारी पुन्हा आला तेव्हा त्याला परत पाठवावं लागलं, कारण ऐन पांढरी झालेली घोडी जो विकेल तो या धंद्यात वेडाच ठरेल, हे आप्पांना कुणी शिकवायला नको होतं. माझ्याच शब्दांनी माझे हात बांधले आणि जाई दावणीला राहिली. ऐन मुहूर्ताच्या दिवशीही ती तिथेच उभी असे. आप्पा कान देऊन ऐकत आणि तिला का नेत नाही, ते विचारत. “बँडला बिचकते अजून,” मी सांगे. “बिचकंल, बिचकंल. बिगीबिगी करू नको,” ते म्हणत. आणि मग कधीतरी त्यांनी विचारणंच सोडून दिलं. मला वाटलं, समाधान पावले. मी हुश्श केलं आणि धंद्याच्या मागे लागलो.

आणि या वर्षांत जाई खरोखर पांढरी झाली! केव्हा होऊ लागली, कशी होत गेली, कुणास ठाऊक. एका सकाळी राणीचा पाय सुजलेला निघाला, दारात परण्याची सुपारी, दुसरी घोडी मिळेना. नाइलाजाने शेणामातीत माखलेल्या जाईला धुवायला घेतली आणि पाणी घालता घालता हात थबकला. काय ते तेज! ऊन तिच्या पाठीवरून ओघळत होतं. झूल चढवली, कपाळावर मणी बांधले आणि नवरदेवाला बसवून भरल्या बँडसमोर तिला नेली. ती बिचकली नाही. बायकांनी तिच्या खुरांवर पाणी घातलं, पोरांनी मोबाईल उंचावून फोटो काढले, आणि लगाम धरून पुढे चालताना मला आप्पांची फार आठवण आली. हे चालणं त्यांच्या हक्काचं होतं. त्यांनी तिची वाट पाहिली होती, आणि पुढे चालत होतो मी.

दुपारी परतलो तो दारातूनच ओरडत. “आप्पा, आज जाई होती परण्याला! पांढरीशुभ्र! लोक बघत राहिले!” ओसरीवर बसलेल्या आप्पांनी मान हलवली. “व्हय, व्हय. लई ब्येस.” लहान मुलाने सांगितलेल्या गोष्टीला आपण जशी मान हलवतो, तशी. आता यांना नवं ते काय सांगायचं? जे सांगायचं ते मी केव्हाच सांगून बसलो होतो, आणि तेव्हा ते खरं नव्हतं!

मग आप्पाच म्हणाले, “झूल काढ तिची. उन्हात बांध घटकाभर.” मी बांधली. काठी टेकत ते अंगणात आले, तळवा तिच्या पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. पुन्हा मानेवर, पुन्हा पाठीवर. “काळं जनावर उन्हात तापतं, दत्तू. हात ठेववत न्हाई. ही लई तापायची. अलीकडं मला एकट्याला तिला उन्हात काढवंना.” मग म्हणाले, “आज तापली न्हाई. आज झाली खरी.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून. मी घरात नसताना ते तिला उन्हात चाचपून बघत होते आणि पोळलेला हात घेऊन मुकाट ओसरीवर येऊन बसत होते. “मग बोलला का नाही, आप्पा?” मी विचारलं. “तू येवढ्या मायेनं सांगायचा,” ते म्हणाले, “मोडवंना.”

आपण एखाद्याला दुःखापासून वाचवायला जातो आणि नेमकं त्याचं सुख काढून घेतो, हे का घडत असावं? आप्पांना पांढरी घोडी हवी होती, पण त्याहून अधिक ती वाट हवी होती, रोजची, सकाळची, कुणाला तरी हाक मारून दाखवायची. मी त्यांना सांगून टाकलं की वाट संपली. मग ते कुणाला हाक मारणार? एकाच अंगणात ते एकटे वाट बघत राहिले, आणि मला पत्ताही नव्हता. त्यांच्याकडे डोळे नव्हते, माझ्याकडे होते, आणि दोघांत बघत होते ते आप्पाच.

त्यांचा हात अजून जाईच्या पाठीवर होता. चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी ती सकाळची उत्सुकता आली होती. “आता खरं सांग,” ते म्हणाले, “पयला केस कुठं आला हुता?”

कानामागे, असं उत्तर अगदी जिभेवर आलं. त्यांना ते आवडलंही असतं. मी ते गिळलं.

“ठाऊक नाही, आप्पा,” मी म्हणालो. “मी बघितलंच नाही.”