मेलिसांदबाईंची मेजवानी

आमच्या मंडळाची मेजवानी म्हणजे मेलिसांदबाई. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात दर ऑक्टोबरात आम्ही दोनशे माणसं एका मैदानावर तंबू ठोकतो आणि तीन दिवस आठशे वर्षं मागे जाऊन, युरोपातल्या राजे-सरदारांची सोंगं आणि नावं घेऊन राहतो. राजा ठरतो तलवारबाजीवर, पण राज्य चालतं या बाईंच्या शब्दावर. मिरवणुकीत कोणाच्या मागे कोण चालणार, राणीच्या डाव्या हाताला कोण बसणार, अक्रोड कोणाला चालत नाही, कोणाचं कोणाशी बिनसलंय म्हणून त्यांना लांब बसवायचं, सगळं तोंडपाठ. एरवी त्या कुठल्याशा शाळेच्या स्वयंपाकघरात असतात, एवढंच मला माहीत होतं, कारण मोठे डाव आणि पातेली तिथून यायची. बाहेरचं नाव विचारायचं नाही, हा आमचा शिष्टाचार. मला तो फार आवडायचा. आता त्याची चीड येते.

भाजलेल्या डुकराचं ताट घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालायचा मान एकोणीस वर्षं सरदार ऑड्रिकचा. त्यांच्या मागे झेंडा धरून मी. यंदाही भर दुपारी दोनला आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होतो.

"बाईसाहेब, डुक्कर भाजलंय की जाळलंय?" ऑड्रिक म्हणाले.

"तुम्ही मुकाट्यानं उचला. चव बघायला शहाणी माणसं बसलीत आत."

कर्णे वाजले. दहा पावलं गेलो असू, आणि ऑड्रिक ताटासकट आडवे झाले. डोकं बाकाच्या कडेवर आपटलं. लोक हसले. खरं सांगते, टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, सोंग चाललंय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. धावल्या त्या एकट्या मेलिसांदबाई.

रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. तिच्यातली तरुण बाई गुडघ्यांवर बसली आणि तिनं विचारलं, "नाव काय यांचं?"

"सरदार ऑड्रिक," मी म्हणाले. होय, म्हणाले मी तसं.

"अहो, खरं नाव! वय किती? औषधं कुठली घेतात? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? डोक्याला मार लागलाय, मला कळायला हवं. घरी कोण असतं यांच्या?"

दोनशे माणसं एकमेकांकडे बघू लागली. राजानं मुकुट काढून हातात घेतला आणि तो तसाच उभा राहिला. या माणसाबरोबर मी एकोणीस वर्षं जेवले होते.

"याला मीठ किती लागतं ते मला माहीत आहे," मेलिसांदबाई किंचाळल्या, "आणि नाव माहीत नाही? कोणालाच नाही? माणसं आहोत का आपण!"

मग त्यांनी ऑड्रिकच्या कमरेची चामडी पिशवी उपसली. गाडीची किल्ली निघाली. कोणती गाडी, तेही कोणाला ठाऊक नव्हतं. घागरा गुडघ्यापर्यंत उचलून बाई गाड्यांच्या मैदानात किल्ली दाबत पळत सुटल्या, मी त्यांच्या मागे. पार टोकाला एक लाल व्हॅन ओरडली. पाकीट तिच्या खणात होतं.

"वेन हॅलोरन, सदुसष्ट," रुग्णवाहिकेतल्या बाईनं पाकिटातलं कार्ड वाचलं. गोळी चालू असल्याचंही त्यावर होतं. तिनं तसं लगेच दवाखान्यात कळवलं आणि स्ट्रेचर आत चढवलं. श्वास चालू होता. मग तिनं कार्ड उलटलं.

"इथे लिहिलंय, काही झालं तर कळवा: मेलिसांदबाई, स्वयंपाकघर. नंबरच नाही. कोण या? यांना गाठायचं कसं?"

सगळे बाईंकडे वळले. बाईंच्या एप्रनला डुकराची चरबी लागली होती, धाप अजून ओसरली नव्हती.

"मीच ती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही यांच्या कोण?"

बाई आत चढून ऑड्रिकचा हात धरून बसल्या.

"बरं, पूर्ण नाव सांगा. लिहावं लागतं."

"डोरीन क्रुपा," त्या म्हणाल्या.

मी रुग्णवाहिकेच्या दाराशी उभी होते. एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच परातीत कणीक मळली होती, आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.