तिनं मुलीला मुंबईला पाठवलं नाही

कणकवलीच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. मी मालवणच्या मासेमारी करणाऱ्या घरातली, मामाकडे राहून शिकणारी. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. मुसलमानांतली त्यांची एक लहानशी व्यापारी जमात, जिल्ह्यात मोजकीच घरं. पण ती बोलायची आमच्यासारखीच, चोख मालवणी. पुढे मी नर्स झाले आणि कणकवलीतच एका खासगी दवाखान्यात लागले. तिचं लग्न जमातीतच, मुंबईच्या घरात झालं. तिच्या वडिलांचं वय झाल्यामुळे तिचा नवरा दुकान सांभाळायला इकडेच आला, म्हणून मैत्री तुटली नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली होती. एका दुपारी ती माझ्या खोलीवर आली आणि पंख्याखाली बसूनही घाम पुसत राहिली.

"काय झालां गो?" मी विचारलं.

"चेडवाक, माझ्या पोरीक, सात वर्सां झाली. सासू म्हणता, सुट्टीत मुंबैक धाड."

"मगे धाड. आजीकडेच जातली मां?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग सगळं सांगितलं. ती स्वतः सात वर्षांची असताना सुट्टीत मुंबईला आत्याकडे गेली होती. नवीन फ्रॉक घेऊया म्हणून आत्यानं तिला बाहेर नेलं. फ्रॉकच्या दुकानाऐवजी एका जुन्या इमारतीतल्या खोलीत. तिथे एक म्हातारी होती. आत्यानं आणि आणखी एका बाईनं हात-पाय धरले, म्हातारीनं ब्लेड काढलं. मांड्यांच्या मधला बारीकसा भाग कापला. परत येताना फ्रॉक मिळाला, आणि बजावलं गेलं की बाबांनाही सांगायचं नाही.

मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसले होते, मला काहीच ठाऊक नव्हतं. नर्सिंगच्या पुस्तकात याबद्दल वाचलं होतं ते आफ्रिकेतलं म्हणून.

"तू नर्स आसस," ती म्हणाली. "माका खरां सांग. ह्याचो कायतरी फायदो आसा?"

"कायएक नाय. नुकसान मात्र होता."

"मगे मी तिका धाडूचंय नाय."

ती नमाज चुकवणारी नव्हती, धर्म सोडायचा विचारही तिच्या मनात नव्हता. तिला फक्त ही एक गोष्ट थांबवायची होती. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला यातलं काही माहीत नव्हतं. पुरुषांना कळू द्यायचं नाही, ही त्या प्रथेतलीच एक अट.

मुलगी येत नाही म्हटल्यावर सासूच रेल्वेनं कणकवलीला आली. सासूनं मला चहाला बोलावलं. मला वाटलं, झापणार. पण म्हातारीनं माझ्यासमोर खारी ठेवली, गोड बोलली, आणि मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "तू नर्स आहेस. माझ्या सुनेला भीती वाटते ना खोलीची, ब्लेडची? मग पोरीचं तू कर. दवाखान्यात, इंजेक्शन देऊन. स्वच्छ होईल, दुखणार नाही."

मी कप खाली ठेवला. तिला ते खरंच दयाळूपणाचं वाटत होतं.

"आम्ही आजारी माणसावर उपचार करतो," मी म्हटलं. "या मुलीला काही झालेलं नाही. मी करणार नाही, आणि कुणी केलं तर गप्प बसणार नाही."

"सगळ्यांचं झालंय. माझं झालं, हिचं झालं. आम्ही मेलो का?"

"मेलो नाही, अम्मी," माझी मैत्रीण म्हणाली. "पण ती खोली मला अजून दिसते. तुम्हाला दिसत नाही?"

म्हातारी कप गोळा करू लागली. दारात उभा असलेला तिचा मुलगा, माझ्या मैत्रिणीचा नवरा, तेव्हा म्हणाला, "अम्मी, पोरगी इथंच राहील." सासू त्याच आठवड्यात परत गेली आणि पुढे कित्येक महिने सुनेशी फोनवर बोलली नाही.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण माझ्या मैत्रिणीला आता जमातीतल्या इतर बायकांनाही विचारायचं होतं, त्यांचं काय झालं आणि त्या आपल्या मुलींचं काय करणार. मुंबईत या विषयावर संशोधन करणाऱ्या एका बाईचं नाव तिच्या कानावर आलं होतं. तिला गाठून तिनं प्रश्न कसे विचारायचे ते शिकून घेतलं. नाव घ्यायचं नाही, जबरदस्ती करायची नाही, बाई थांबली की आपणही थांबायचं. कुडाळ, सावंतवाडी, पुढे रत्नागिरी. रविवारी एसटीनं जायचं, मी सोबत. कुणा बाईला शरीराबद्दल काही विचारावंसं वाटलं तर नर्स हवी, म्हणून.

काही दारं आमच्या तोंडावर बंद झाली. जमातीतल्या एका वडीलधाऱ्यानं तिच्या नवऱ्याला दुकानात येऊन समज दिली. लग्नाची बोलावणी कमी झाली. ती चिडायची, रडायची, आणि पुढच्या रविवारी स्टँडवर माझ्याआधी हजर असायची.

सावंतवाडीत एका बाईनं आम्हाला जेवायला बसवलं आणि वाढता वाढताच म्हणाली, "माझ्या मोठीला मीच घेऊन गेले होते. आता तिला काय सांगू?"

माझी मैत्रीण म्हणाली, "खरं ते सांग. आणि धाकटीला नेऊ नकोस."

तिनं धाकटीला नेलं नाही. तिच्या जावेनं मात्र आपल्या मुलीला नेलं. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

मी हे माझ्या आईला सांगितलं तेव्हा मासे कापता कापता तिनं विचारलं, "पोरीक दुखवन देवाक काय गावता गो?" आणि मग, "जा तू तिच्यावांगडा. एकटी सोडू नको."

माझ्या मैत्रिणीची मुलगी मोठी झाली. बारा-तेराची असताना आम्ही तिला तोंडवलीच्या किनाऱ्यावर नेलं, आणि तिच्या आईनं सुरूच्या झाडांच्या सावलीत बसून तिला सगळं स्वच्छ शब्दांत सांगितलं. मुलगी वाळू मुठीत घेऊन सोडत होती. मग तिनं विचारलं, "माझ्या वर्गातल्या तिला पण नेलं असेल का?" तिच्याच जमातीतली एक मुलगी होती ती.

"माहीत नाही," आई म्हणाली. "तिला एक धाकटी बहीण आहे ना? मी उद्या तिच्या आईकडे जाते."

"मी पण येते," मुलगी म्हणाली.