हा कोळी नव्हे

“हा कोळी नव्हे,” असे म्हणून सर अंगठा जिभेला लावत आणि फळ्यावरचा शब्द पुसून टाकत. डस्टर नावाची वस्तू त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. मिरीच्या दाण्याएवढे अंग आणि केसासारखे लांब पाय असलेला जीव तुम्हीही ओल्या भिंतीवर पाहिला असेल, आणि कोळी समजून चप्पल उचलली असेल. “याला कंबर नाही, हा जाळं विणत नाही, याला विष नाही,” ते मला सुनवत. “तुमच्या मराठीत याला नाव नाही, हा काय त्याचा गुन्हा?”

त्र्यंबकच्या बाजूच्या एका कपारीत त्यांना असलेच काही फिकट प्राणी सापडले. कुठल्याच वर्णनाशी ते जुळेनात. एक त्यांनी बरणीत जिवंत ठेवला, बाकीचे स्पिरिटमध्ये. “नवी जात असावी,” ते दबकत म्हणाले.

आणीबाणी उठून वर्ष झाले होते, पण ती बातमी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचली नव्हती. ही मात्र लगेच पोचली. त्यांनी सत्कार ठरवला आणि नव्या जातीला आपले नाव द्यावे असे सुचवले. सुचवले म्हणजे कळवले. बदल्यात नवा मायक्रोस्कोप मिळणार होता. जुन्याची नळी सर रबरबँडने बांधून वापरत. मानपत्र लिहायचे काम अर्थातच मराठीच्या माणसाकडे आले.

सत्काराच्या सकाळी ते बरणी घेऊन स्टाफरूममध्ये आले. आतल्या प्राण्याने कात टाकली होती. रंग गडद झाला होता, पाठीवर काटा दिसत होता.

“ओळखलंत?”

“नाही.”

“मी ओळखलं. नेहमीचाच आहे. मी पोरालाच नवी जात समजून बसलो.”

“सर, कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मायक्रोस्कोप तर पदरात पडेल.”

“आणि त्यातून बघू काय?”

संध्याकाळी अध्यक्षांनी शाल घातली, “आपला जगप्रसिद्ध कोळी” असा उल्लेख केला. सर उठले. “दोन दुरुस्त्या आहेत. हा कोळी नव्हे. आणि ही नवी जातही नव्हे. चूक माझी.” शालीची घडी करून त्यांनी ती टेबलावर ठेवली. पुढच्या आठवड्यात ती अध्यक्षांच्या वाढदिवशी अध्यक्षांच्याच खांद्यावर दिसली. मायक्रोस्कोप आला नाही. रबरबँड तेवढे बदलत राहिले.

सरांना जाऊनही आता काही वर्षे झाली. परवा कॉलेजात गेलो होतो. प्राणिसंग्रहाच्या कपाटात ती स्पिरिटची बाटली अजून आहे. खाली पाटी: ‘आमच्या संस्थेने शोधलेला नवा कोळी’.

नकळत मी अंगठा जिभेला लावला. पाटी ऑइलपेंटने रंगवलेली होती.