पुड्यांतलं दगडफूल

माझा थोरला भाऊ दत्तात्रेय रत्नागिरीच्या शाळेत शास्त्र शिकवायचा. गाव त्याला ‘दगडफुल्ये मास्तर’ म्हणून हसायचं. मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. झाडांच्या सालीवर, जांभ्याच्या गडग्यावर राखी, पिवळट खपल्या धरतात ना, त्या दादा चाकूने अलगद काढायचा. मसाल्यात पडतं ते दगडफूल त्यांतलंच एक. त्याची भावंडं कितीतरी. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्राच्या पुडीत, पुडीवर गाव, झाड नि तारीख. “हे लिहिलेलं गेलं, की तुकड्याला किंमत नाही, लीला,” असं मला बजावायचा. शाळेचं एक कपाट त्या पुड्यांनी भरलं होतं.

चौतीस साली आंब्याचा मोहोर गळला. मांडवीकडचे बागायतदार अण्णा बेहेरे, शाळेच्या मंडळाचे अध्यक्षही तेच. त्यांनी ठरवलं, की या खपल्याच झाडाचा रस शोषतात.

“अण्णा, त्या नुसत्या सालीवर बसतात हो, झाडाचं काही खात नाहीत,” दादाने जीव तोडून सांगितलं.

ऐकतो कोण! अण्णांनी खोडं खरवडून चुना फासला. त्यांचं बघून शेजारच्या बागांनीही तेच केलं. मांडवीच्या कलमांवर काय काय वाढत होतं, हे आता फक्त दादाच्या पुड्यांत उरलं.

सुट्टीत दादा मंडणगडच्या डोंगरात फिरून आला, तर शाळेच्या कपाटात पुड्यांच्या जागी लेझिमी टांगलेल्या. तो तसाच अण्णांकडे धावला, मागोमाग मी. तिथे लेकीच्या लग्नाची गडबड, ओटीवर धणे-खोबरं पसरलेलं.

“इन्स्पेक्टर यायचे होते, म्हणून कपाट मोकळं केलं,” अण्णा खुशीत म्हणाले. “पण मास्तर, काही म्हणून वाया नाही हो घालवलं! पानांसारखं होतं ते हिने मसाल्याला निवडलं. सालीचे तुकडे न्हाणीच्या चुलीत. नि कागदांची पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घातली.”

चोरावर तरी धड चिडता येतं. हा माणूस उपकार केल्याच्या तोऱ्यात उभा होता!

त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, सूप पुढे केलं. “पसाभर उरलंय. लीलाला घेऊन जा.”

दादाने एक तुकडा उचलला, उजेडात धरला. “हे मांडवीचं... की अंजनवेलचं?” तो स्वतःशीच पुटपुटला. मग तो तुकडा त्याने हळूच सुपात ठेवला.

लग्नाला आम्ही गेलो. शाळेची नोकरी अण्णांच्या हातात होती. पंगतीत मसालेभात आला. अण्णा आग्रह करत फिरत होते. दादाजवळ थांबून म्हणाले, “वास बघा मास्तर, तुमचंच दगडफूल!”

पानात शीतही न टाकणारा माझा भाऊ भरल्या पानावरून उठला. हात धुऊन घरी गेला.

गावभर बोभाटा झाला, मास्तरांनी अन्नाचा अपमान केला. अण्णांनी त्याच्या आयुष्याची मेहनत कुटून भातात घातली, त्याबद्दल एकानेही ब्र काढला नाही. यमुनाबाई मात्र पुढे कितीदा विचारायच्या, मास्तर असे का हो उठले, मीठ जास्त झालं होतं का?

त्या वर्षापासून आमच्या गोड्या मसाल्यात दगडफूल पडत नाही. पाहुणे म्हणतात, चव उणी लागते. लागू दे.