एक हात काठाला

पनवेलमधल्या एका स्विमिंग पूलमध्ये रविवारी सकाळी दीड-दोन वर्षांच्या मुलांचा पोहण्याचा क्लास असतो. मुलासोबत घरच्या कुणालातरी पाण्यात उतरावं लागतं. मी माझ्या मुलीला घेऊन जायचे. बाकी सगळे आईबाप, आणि एक आजोबा.

डोक्याला रबरी टोपी, अंगात बनियन, एका हातात नातू आणि दुसरा हात काठाला. पाणी त्यांच्या कमरेच्या जरा वर होतं. गाणं लागलं की आम्ही मुलांना घेऊन गोल फिरायचो. आजोबा काठाकाठाने फिरायचे.

"आजोबा, काठ सोडा ना," शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या.

"त्याला शिकवा. मी हाय तिथं बराय."

एकदा मी विचारलंच, "एवढी भीती वाटते, तर त्याच्या आईबाबांना का नाही पाठवत?"

"ते रोज जातात कामाला. नेऱ्याला आमच्या शेतात पोरानं फार्महाऊस बांधलाय, भाड्यानं द्यायला. दारातच असा पूल हाय. दिवसभर हा माझ्यापाशी. हा पाण्यात पडला तर मी काय करीन, ते मला म्हाईत हाय. वरडीन."

शेवटच्या रविवारी मुलांना रोजच्या कपड्यांत पाण्यात सोडलं. नातू खाली गेला, वर आला, वळला आणि आजोबांच्या मनगटाला लटकला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आजोबांनी पहिल्यांदाच काठ सोडला. त्या हाताने नातवाची बोटं मनगटावरून सोडवली.

"मला नाय धरायचं," ते म्हणाले. "काठ धर."